केसाएवढं जुनेपण

"जागा चांगली आहे ताई, पण जुनी वाटते," एजंट म्हणाला.

आईचा ब्लॉक विकायचं ठरलं होतं. पुण्यात, एरंडवण्यात, तळमजल्यावर, 1974 सालचं बांधकाम. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि जागा दोन वर्षं बंद पडली. जुलैच्या पावसात एजंट आला, दारातून आत पाच पावलं टाकली आणि त्याचं मत झालं. त्याने भिंत ठोकून पाहिली नाही, कागदपत्रं मागितली नाहीत. पाच पावलांत त्याला पन्नास वर्षं दिसली.

"जुनी आहे" असं तो म्हणाला असता तर मी विसरून गेले असते. "वाटते" म्हणाला, आणि तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. पाच पावलांत माणसाला नेमकं काय दिसतं, की त्यावरून तो घराचं वय सांगतो? पुढचे सात-आठ महिने रंगारी, सुतार आणि फरशी पॉलिश करणारे यांच्या मागेमागे फिरत मी हेच शोधत होते. जे सापडलं त्याने मी अजून थक्क आहे.

पहिली गोष्ट मापाची. भिंत नऊ इंच जाड. तिच्यावरचा रंगाचा एक हात वाळल्यावर जेमतेम 0.03 ते 0.04 मिलिमीटर उरतो. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटरचा. म्हणजे दोन हात दिले की एका केसाएवढी जाडी होते. गिऱ्हाइकाचा डोळा या केसापलीकडे जातच नाही. आतल्या विटा, सिमेंट, सळया यांचं त्याला काही दिसत नाही. घराचं जुनेपण म्हणून जे काही आपण पाहतो, ते जवळजवळ सगळं या केसाएवढ्या जाडीत राहतं.

अर्थात डोळ्याच्याही आधी नाक घरात शिरतं. बंद घराला येतो तो कुबट वास ओलीवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. ते हवेत जी द्रव्यं सोडतात त्यांतलं एक म्हणजे जिओस्मिन. पाण्याच्या लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. आणि गंमत बघा, वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. अंगणात आलं तर आनंद, खोलीत आलं तर नाक मुरडायचं. घरात राहणाऱ्याला मात्र हा वास येत नाही, कारण तोच तो वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. आई म्हणाली, "कुठे गं वास? मला नाही येत." मलाही पाच मिनिटांनी येईनासा झाला. म्हणून घर विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की आपल्या घराचा वास दुसऱ्याच्या नाकाने घ्या. शेजारणीला बोलवा आणि उंबऱ्यात पाय ठेवताक्षणी विचारा. उदबत्ती लावून भागत नाही, वासाचं मूळ ओलीत आहे.

ओल होती मधल्या खोलीत. जमिनीपासून कमरेपर्यंत भिंतीला फुगवटे आलेले, पोपडे सुटलेले, त्यांच्या मागे पांढरी पूड. एजंटचा सल्ला सोपा होता. "पितृपंधरवड्यात तसंही कोणी जागा बघायला येत नाही. तेवढ्यात पुट्टी मारून रंग देऊन टाका, दसऱ्याला गिऱ्हाईक आणतो." मला पटलं होतं. पण आमच्याकडे आलेल्या रंगारीमामांनी भिंतीला तळवा लावला आणि म्हणाले, "ताई, ही भिंत पाणी पितेय. आत्ता रंग दिला तर दिवाळीला माझ्या नावाने बोंब माराल."

भिंत पाणी पिते, हे अगदी शब्दशः खरं आहे. वीट आणि सिमेंट यांच्यात केसाहून कितीतरी बारीक नळ्यांचं जाळं असतं. चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा वर चढतो, तसं जमिनीतलं पाणी या नळ्यांतून चढतं. पंप नाही, मोटर नाही. पाण्याच्या कणांना विटेची ओढ असते आणि एकमेकांचीही, त्या ओढीवरच ते गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढत राहतं. चढताना ते भिंतीच्या पृष्ठभागावरून उडूनही जात असतं. जितकं चढतं तितकंच उडून जायला लागलं की ओलीची रेघ थांबते, आणि ती बहुतेकदा मीटरभर उंचीवर, म्हणजे माणसाच्या कमरेशी थांबते. जुन्या वाड्यांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत ही रेघ त्याच उंचीवर दिसते ती यामुळे.

पाणी उडून जातं, पण त्याने बरोबर आणलेले क्षार उडत नाहीत. ते भिंतीतच स्फटिक होऊन बसतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. यातला एक क्षार सोडियम सल्फेट. तो कोरडा असताना जेवढी जागा घेतो, त्याच्या सुमारे चौपट जागा तो पाण्याचे दहा रेणू पोटात घेऊन स्फटिक झाल्यावर घेतो. सुईच्या टोकाएवढ्या पोकळीत बसलेला कण चौपट फुगला तर काय होईल? गिलावा फुटतो. वर ऑइलपेंटसारखा घट्ट पडदा असेल तर तो पडदा आतून उचलला जातो. आमच्या भिंतीवरचे फुगवटे असे आतून ढकललेले होते. त्यांच्यावर पुट्टी भरणं म्हणजे उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरणं.

आणि मला इथे स्पष्ट बोलू द्या. ओल झाकून घर विकणं ही फसवणूक आहे. आपण चाव्या देऊन मोकळे होतो आणि पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या तरी पाळण्यामागची भिंत फुगते. घर सजवून विकावं, जरूर विकावं, पण दुखणं बरं करून.

दुखण्याचं कारण बाहेर सापडलं. मागच्या बाजूला बाबांनी जास्वंद आणि कढीपत्ता लावला होता. वर्षानुवर्षं माती टाकत टाकत वाफा जोत्याच्या वर चढला होता. जोत्यात ओल अडवणारा एक थर घातलेला असतो. मातीने त्या थराला वळसा घातला आणि पाण्याला वरून वाट करून दिली. माती उपसून खाली आणली, फुटकी पन्हळ बदलली, खोलीतला गिलावा कमरेपर्यंत खरवडून काढला आणि भिंत उघडी ठेवून दिली. दसरा गेला, दिवाळी गेली. एजंटचे फोन येत राहिले. मामा येऊन तळवा लावून जायचे आणि मान हलवायचे.

खरवडताना काय काय निघालं! वरचा बदामी, त्याखाली पिस्ता, त्याखाली आकाशी, आणि सगळ्यात तळाशी चुना. आकाशी मावशीच्या लग्नाच्या वेळचा, आईने क्षणात ओळखला. पन्नास वर्षांचा सगळा इतिहास, आणि बोटाच्या नखावर मावेल एवढा पोपडा.

मधल्या खोलीला मामांनी शेवटी चुनाच दिला, प्लास्टिक इमल्शन नाही. चुन्याच्या थरातून वाफ आरपार जाते, त्यामुळे भिंतीत उरलीसुरली ओल असली तर तिला बाहेर पडता येतं. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर पाय रोवता येत नाही. पण मला वेड लावलं ते चुन्याच्या कुळकथेने. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की सणसणतो, फुटतो, पाणी उकळायला लागतं. हा विरवलेला चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपण दगड जाळतो, त्याचं दूध करतो, ते कुंचल्याने भिंतीला लावतो आणि तिथे त्याचा परत दगड होतो. पानाला बोटाने लावायच्या चुन्याचीही कुळी हीच.

ओला चुना लावताना भिंतीवर काही दिसतच नाही. मी घाबरले, आधीच्या रंगाचे डाग जसेच्या तसे दिसत होते. मामा म्हणाले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र! चुन्याचे कण स्वतः पारदर्शक असतात. ते ओले असताना प्रकाश पाण्यातून कणात आणि कणातून पाण्यात फारसा न वळता जातो. पाणी उडालं की कणांच्या मध्ये हवा येते, आणि हवेतून कणात शिरताना प्रकाश दर पावलाला वाकतो, उलटतो, विखुरतो. विखुरलेला सगळा प्रकाश एकत्र डोळ्यात येणं यालाच आपण पांढरं म्हणतो. मीठ पांढरं, साखर पांढरी, दुधाचा फेस पांढरा, सगळ्यांचं कारण हेच. पांढरा रंग कुठल्या पदार्थात भरलेला नसतो, तो पदार्थाच्या आणि हवेच्या सीमेवर जन्मतो.

मामांनी चुन्यात डिंक घातला आणि चिमूटभर नीळही. पांढऱ्याला पांढरं करायला निळं कशाला? चुन्याला किंचित पिवळी झाक असते. निळा रंग त्यातला जास्तीचा पिवळा प्रकाश गिळतो. भिंतीवरून परत येणारा एकूण प्रकाश त्यामुळे थोडा कमीच होतो, तरी डोळा म्हणतो, अधिक पांढरं. आपल्या आज्या धोतरांना नीळ देताना नेमकं हेच करत होत्या.

छताला मात्र बाजारातला पांढरा इमल्शन दिला, आणि त्याची गोष्ट थेट रत्नागिरीला जाते. आजच्या पांढऱ्या रंगाचा प्राण म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या कणात शिरताना प्रकाश हिऱ्यात वाकतो त्याहूनही अधिक वाकतो. कारखान्यात हे कण मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढे, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या साधारण निम्म्या लांबीचे करतात, कारण त्या मापाला प्रकाश सर्वांत जास्त विखुरतो. आणि हे द्रव्य ज्यापासून काढतात ते इल्मेनाइट असतं काळंकुट्ट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी, चमचमती, जड वाळू पायाला चिकटते, तिच्यात इल्मेनाइट आहे. लहानपणी आम्ही ती वाळू लोहचुंबकाने गोळा करायचो. इतकं पांढरं पांढरं या काळ्या वाळूसारख्या खनिजातून येतं, हे कळल्यावर मी छताकडे बराच वेळ बघत राहिले.

आता उजेडाचा हिशोब, कारण घर तरुण दिसण्यातला सगळ्यात मोठा वाटा त्याचा आहे. खिडकीतून आलेला प्रकाश भिंतीवर एकदा आपटून संपत नाही. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छतावर, तिथून खाली. मळकी भिंत पडलेल्या प्रकाशातला निम्माच परत पाठवते असं धरू. मग खोलीत एकंदर प्रकाश किती? एक, अधिक अर्धा, अधिक पाव, अधिक अष्टमांश... बेरीज दोनाला जाऊन थांबते. आता भिंतीला स्वच्छ पांढरा रंग दिला आणि ती ऐंशी टक्के प्रकाश परत पाठवू लागली. बेरीज पाचाला जाते! खिडकी तीच, सूर्य तोच, आणि उजेड अडीचपट. खऱ्या खोलीत खिडकी, पडदे, कपाटं थोडा प्रकाश खातात, त्यामुळे फरक याहून कमी पडतो, पण पडतो तो असा, वाढीव बेरजेने.

याच हिशोबाची दुसरी बाजू म्हणजे रंगाचं शेडकार्ड. कार्डावर फिकट वाटलेला पिस्ता चारी भिंतींवर गडद का होतो? कारण खोलीत प्रत्येक आपटीला प्रकाश थोडा अधिक हिरवा होऊन निघतो. हिरव्या भिंतीवरचा हिरवा प्रकाश पुन्हा हिरव्या भिंतीवर पडतो. मामांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. "जो आवडेल त्याच्या वरचा, दोन घरं फिका घ्या," एवढंच ते म्हणाले.

फरशीवरून एजंटशी माझं खरं भांडण झालं. मोझेकवर सरळ व्हिट्रिफाइड टाइल चिकटवा, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं, आणि त्याचा मला आजही आनंद आहे. मोझेकची टाइल भाजलेली नसते. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून ती दाबयंत्रात प्रचंड दाबाने बसवतात आणि मग पाण्यात मुरू देतात. आमची फरशी निस्तेज, करडी झाली होती. पॉलिशवाल्याने बोलताबोलता ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाला, "हे बघा, पॉलिशनंतर अशी दिसेल." फडक्याखाली लाल, काळे, पिवळे, शुभ्र तुकडे एकदम उजळले. पाण्याने ओरखडे भरून काढले होते, एवढंच. प्रत्येक ओरखडा प्रकाशाला भलतीकडे उडवतो आणि त्या विखुरल्या प्रकाशाच्या धुक्यात खालचे रंग बुडतात. ज्यांच्या घरी मोझेक आहे त्यांनी आज हा प्रयोग करून बघावा.

पॉलिश म्हणजे ओरखडे पुसणं नव्हे, ओरखड्यांवर त्याहून बारीक ओरखडे काढत जाणं. यंत्राखाली आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक. हे दगड कार्बोरंडमचे. एडवर्ड अ‍ॅचिसन नावाच्या अमेरिकनाला 1891 च्या सुमारास तो सापडला, कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत! चर सुरुवातीला डोळ्याला दिसतात, मग हाताला जाणवतात, मग तेही नाही. प्रकाशाच्या लाटेची लांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. खाचखळगे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाशाच्या लेखी ते उरतच नाहीत आणि फरशीत खिडकीचं प्रतिबिंब उमटतं. शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पूड टाकून घासलं आणि मेण दिलं.

फक्त न्हाणीच्या दाराशी दोन टाइला काही केल्या चमकेनात. आईने कबूल केलं, की न्हाणीतले डाग काढायला अ‍ॅसिड आणलं होतं, ते तिथे सांडलं. नळावर साचणारा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, लिंबू किंवा अ‍ॅसिडने तो फसफसून निघून जातो. पण संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच! अ‍ॅसिडला नळ कुठला आणि फरशी कुठली हे कसं कळणार?

तिथून माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. स्वयंपाकघराचा ओटा कडप्प्याचा, तोही काळा चुनखडक. म्हणून तर त्यावर लिंबू पिळलं की डाग कायमचा. मागच्या गॅलरीत शहाबादी फरशी, तीही चुनखडक, पन्नास कोटी वर्षांहून जुनी. ती ज्या समुद्राच्या तळाशी साचली त्यात अजून मासे नव्हते, जमिनीवर एकही झाड नव्हतं. गिलाव्यातलं सिमेंट चुनखडी भाजून केलेलं. भिंतीवरचा चुना चुनखडीचा. आईच्या घराचा बराचसा भाग कुठल्या ना कुठल्या समुद्राच्या तळातून आला होता. आणि ही शहाबादी कुणाला जुनी वाटत नाही. धुतली की नवी. जुना वाटत होता तो वीस वर्षांपूर्वीचा बदामी रंग.

सुताराचं थोडक्यात सांगते. जुलैमध्ये पुढचं दार चौकटीत घासत होतं. मी म्हटलं, रंधा मारा. ते म्हणाले, "पावसाळ्यात नको, उन्हाळ्यात फट पडेल." लाकूड हवेतली वाफ पिऊन आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. डिसेंबरमध्ये दार आपोआप सुटलं. त्यावरचा चार थरांचा ऑइलपेंट काढला तर आत अस्सल सागवान. सागात वाळवीला न आवडणारी द्रव्यं मुळातच असतात, पन्नास वर्षांत एक भोक नव्हतं. दाराला नुसतं पॉलिश केलं. पुढे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने आधी त्या दारावरून हात फिरवला.

माघात जागा तयार झाली. एक गोष्ट तेवढी राहिली होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाची दारं पांढऱ्या ऑइलपेंटची, चांगल्या अवस्थेतली, म्हणून तशीच ठेवली होती. त्यातल्या एकावर कायम कालनिर्णय टांगलेलं असायचं. मी ते काढलं तर खाली पिवळाजर्द चौकोन. मला वाटलं होतं उलट होईल, झाकलेला भाग शुभ्र राहील. पण जवसासारख्या तेलावर केलेला रंग अंधारात पिवळा पडतो. त्याचं वाळणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नसतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, ती क्रिया वर्षानुवर्षं सावकाश चालते आणि तिच्यात पिवळी द्रव्यं तयार होतात. उजेड त्यांना मोडत राहतो. अंधारात मोडायला कोणी नसतं.

"रंगवून टाकू?" मी मामांना विचारलं.

"नको. खिडकी उघडी ठेवा."

मी रोज सकाळी जाऊन खिडकी उघडत होते. पहिल्या आठवड्यात चौकोनाच्या कडा मऊ झाल्या. महाशिवरात्रीपर्यंत तो फक्त तिरका बघितला तर दिसायचा. पाडव्याच्या आधी व्यवहार झाला, एक तरुण जोडपं होतं, तिला मोझेक फार आवडलं. चाव्या द्यायच्या दिवशी आई शेवटची एकदा स्वयंपाकघरात गेली, कपाटाच्या दारासमोर उभी राहिली आणि सवयीने तारीख बघायला मान वर केली. तिथे नुसतं पांढरं दार होतं.